दोनपैकी एकच दुर्बीण

१

"चोर आहेस तू, गावस! अकरा वर्षं आम्ही चोर पोसला!"

रविवारी सकाळी पावणेदहाला सेक्रेटरी नंदकिशोर सबनीस वनश्री सोसायटीच्या आवारात एवढ्या मोठ्याने ओरडले की दोन्ही विंगच्या खिडक्या पटापट उघडल्या. गेटजवळ वॉचमन चंद्रप्रकाश गावस खाली मान घालून उभा होता. मागे केबिनच्या दारात त्याची दहावीतली मुलगी सई हातात भूमितीचं पुस्तक धरून थिजली होती. दुसऱ्या दिवशी तिचा भूमितीचा पेपर होता, आणि सबनीसांनी फर्मान काढलं होतं की संध्याकाळी सहाच्या आत केबिन रिकामी झाली पाहिजे.

बी विंगच्या पहिल्या मजल्यावरून शर्मिष्ठा कर्णिकांनी हे सगळं पाहिलं आणि ऐकलं. मग त्यांनी खिडकी लावून घेतली. हे त्यांनी का केलं, ते त्यांना पुढे दिवसभर टोचत राहिलं.

शर्मिष्ठाबाई विमा कंपनीतून निवृत्त झालेल्या. दाव्यांची तपासणी हे त्यांचं काम. गोदाम खरंच जळलं की जाळलं, दागिने खरंच चोरीला गेले की माहेरी ठेवले, हे शोधण्यात त्यांची तीस वर्षं गेली. त्यामुळे सोसायटीत त्या कोणाला आवडत नव्हत्या, आणि त्यांनाही सोसायटीतलं फारसं कोणी आवडत नव्हतं. गावसही नाही. तोंडात साखर नसलेला माणूस, कधी स्वतःहून नमस्कार करायचा नाही.

पण चहा निवला तरी त्यांच्या डोक्यातून एक गोष्ट जाईना. सोसायटीच्या ऑफिसात टेबलावर दोन दुर्बिणी होत्या, आणि त्यातली एकच गेली होती.

त्या चपला घालून खाली उतरल्या.

२

भानगड दुर्बिणींचीच होती. वनश्रीची मागची भिंत नॅशनल पार्कला लागून आहे. दिवाळीपासून बिबट्या दोनदा आवारात येऊन गेला. दुसऱ्या खेपेला त्याने आवारातलं कुत्रं नेलं. तेव्हा सभेत ठरलं, रात्रपाळीला वॉचमनच्या हातात अंधारात दिसेल असं काहीतरी द्यायचं. बजेट साठ हजार, त्यावर एक पैसा नाही. साठ हजारांत एकच येणार होतं, अंधुक उजेड वाढवून दाखवणारी नाइट व्हिजन नाहीतर अंगाची उष्णता टिपणारी थर्मल. त्यावरून तीन आठवडे सोसायटी दुभंगली होती. सेक्रेटरी सबनीस थर्मलवाले आणि खजिनदार देवव्रत आजगावकर नाइट व्हिजनवाले. लिफ्टमध्ये सुद्धा एकमेकांकडे पाठ करून उभे राहायचे.

शेवटी पाचव्या मजल्यावरच्या केयूर दिघेने, जो गोरेगावला शूटिंगचे कॅमेरे भाड्याने देणाऱ्या दुकानात कामाला होता, दोन्हींचा एकेक नमुना पंधरा दिवसांसाठी स्वतःच्या जबाबदारीवर आणला. ते नमुने ऑफिसात ठेवले होते. आज सकाळी साडेनऊला आजगावकरांनी कमिटीच्या मीटिंगसाठी ऑफिस उघडलं, तेव्हा थर्मल गायब होतं.

ऑफिसच्या कुलपाला ओरखडाही नव्हता. किल्ल्या तीन. एक सबनीसांकडे, एक आजगावकरांकडे आणि एक वॉचमनच्या केबिनमधल्या खिळ्याला. त्या तिसऱ्या किल्लीवर गावसचा निकाल लागून गेला होता.

शर्मिष्ठाबाईंनी टेबल पाहिलं. नाइट व्हिजन तिथेच होती. थर्मलचा डबा होता, चार्जर होता, गळ्यात अडकवायचा पट्टाही होता.

"बघितलंत ना?" आजगावकर मागून खेकसले. "मी ओरडून सांगत होतो, असली महाग खेळणी आणू नका. आता भरा!"

"आजगावकर, तुम्ही चोर असतात तर चार्जर ठेवून गेला असतात का?"

"मी? तुम्ही मला चोर म्हणताय?"

"मी तुम्हाला प्रश्न विचारतेय. विकायला न्यायची तर चार्जर आणि डब्यासकट नेईल. आणि शेजारची दुसरी काय पाप करून बसली होती? तीही नेईल."

बाईंनी टेबलावरचा कोरा कागद ओढून घेतला. ज्याने कोणी नेली होती, त्याला दुर्बीण नकोच होती. ती इथे नको होती, एवढंच.

३

शर्मिष्ठाबाईंची कामाची एक पद्धत होती. समोरच्याला हवं तेवढं बोलू द्यायचं, मधे तोंड घालायचं नाही, आणि शेवटी तेच लिहून त्याची सही घ्यायची. खरं बोलणारा चार ओळींत आटपतो. खोटं बोलणाऱ्याला मात्र आपलं खोटं सजवायची हौस असते, आणि सजावटीतच तो सापडतो.

आजगावकरांनी चार ओळींत आटपलं. शनिवारी दिवसभर ते मुलुंडला मेहुणीच्या साखरपुड्यात होते, रात्री अकराला परतले. पंचवीस माणसं साक्षीला.

"थर्मलला तुमचा एवढा विरोध का होता?"

"अहो, त्यात माणूस म्हणजे पांढरा ठिपका! बिबट्या पांढरा, कुत्रा पांढरा, पिझ्झा घेऊन येणारा पोरगाही पांढरा. नाइट व्हिजनमध्ये निदान चेहरा कळतो. पण आमचे सबनीस ऐकतील तर शपथ. तीन आठवडे थर्मल थर्मल करून डोकं खाल्लं. आणि परवा शुक्रवारी मला म्हणतात, तुमचंच बरोबर आहे, नाइट व्हिजन घेऊ. माणसाला काही भूमिका असते की नाही?"

"शुक्रवारी? कारण काय सांगितलं?"

"बजेट. बजेट काय शुक्रवारी बदललं?"

गावस केबिनबाहेर एका ट्रंकेवर बसला होता. आत त्याची बायको भांडी गुंडाळत होती. बाई समोर आल्या तरी तो उठला नाही.

"गावस, सबनीस ओरडत होते की काल संध्याकाळी तुम्ही ऑफिसवर टपून होतात. सात ते नऊ तुम्ही कुठे होतात?"

"सांगून काय उपेग?" तो म्हणाला. "सकाळी सांगितलंय. कोणी ऐकूक नाय."

"मी ऐकायला आलेय."

"सकाळी पण तुम्ही खिडकीत होतात." त्याने सरळ त्यांच्या डोळ्यांत पाहिलं. "साडेसातपासून साडेआठपर्यंत मागे पंपाजवळ होतो. मोटर पाणी खेचत नव्हती. हात काळे झाले होते ते सईने बघितले. पण तिची साक्ष कोण धरणार? ती माझीच मुलगी."

"आणि ती थर्मल?"

"मी तेका हात लावूक नाय. गुरुवारी रात्री गच्चीवर ती तपासून बघताना सगळे नाचत होते, तेव्हा सबनीससाहेबांनी केयूरच्या हातातून हिसकावून घेतली. त्याच्यानंतर माका दिसली पण नाय."

शर्मिष्ठाबाईंना रागच आला. त्याच्या उद्धटपणाचा नव्हे, तर त्याचं बोलणं खरं असल्याचा. त्या सकाळी खिडकीत होत्या.

४

सबनीसांनी मात्र पानभर लिहिलं.

ते ऑफिसात पंख्याखाली बसले होते. ऐटीत, न्यायाधीशाच्या थाटात. "कर्णिक मॅडम, तुमची ही पोलिसगिरी कशाला? उद्या मी तक्रार देतोच आहे. आज फक्त तो सहाला बाहेर पडला पाहिजे. दहावी, परीक्षा, ही रडगाणी मला नका सांगू."

"मी काही सांगत नाही. तुम्ही सांगा. कसं कळलं तुम्हाला, की गावसच?"

"डोळ्यांनी पाहिलं! काल साडेसात ते आठ मी इथेच होतो. थर्मल हातात होतं, म्हटलं जरा नीट तपासावं. ऑफिसच्या दारातून केबिनकडे रोखलं. केबिनमध्ये दिवा बंद, सरकती खिडकी बंद, आणि काचेआड हा बसलेला. पांढराशुभ्र दिसत होता! टक लावून ऑफिसकडे बघत होता. मी कधी निघतो याची वाट बघत होता, दुसरं काय? सव्वाआठला मी टेबलावर थर्मल ठेवलं, कुलूप लावलं आणि घरी गेलो."

"काच बंद होती? नक्की?"

"बंदच असते, डास काय कमी आहेत का इथे? साध्या डोळ्याला काळोख दिसला असता. थर्मलमुळे सापडला. तेवढं मात्र यंत्राचं मानलं पाहिजे."

"मग शुक्रवारी तुम्ही थर्मल नको का म्हणालात?"

सबनीसांचं पेन थांबलं. "परवडत नाही म्हणून. तुम्हाला काय करायच्यात चौकशा?"

"काही नाही. सही करा."

त्यांनी सही केली. ठसठशीत, खाली दोन रेघा मारून.

५

केयूर पाचव्या मजल्यावर डोकं धरून बसला होता. दुकानाच्या मालकाला अजून सांगायचं होतं.

"काकू, माझी वाट लागली. तो मला कामावरून काढेल."

"रडू नकोस. गुरुवारी गच्चीवर तुम्ही माकडासारखे नाचत होतात, तेव्हाचं काही रेकॉर्डिंग आहे का?"

"थर्मलमध्येच होतं ना यार..." तो बोलता बोलता उठला. "एक मिनिट. मी तेव्हा ते फोनला जोडलं होतं. क्लिप फोनवर पण उतरते!"

"हे कोणाला माहीत आहे?"

"मलाच आत्ता आठवलं."

क्लिप अडीच मिनिटांची होती. ए विंगच्या गच्चीवरून घेतलेली. करड्या पडद्यावर आधी पार्कची झाडी, त्यात पळणारा एक पांढरा ठिपका आणि मागून सगळ्यांचा आरडाओरडा. तो ठिपका मांजर निघाला. मग केयूरने दुर्बीण वळवून समोरच्या बी विंगवर फिरवली. करडी भिंत, करड्या खिडक्या.

"थांब. मागे घे. ही माझी स्वयंपाकघराची खिडकी. मी कुठे आहे?"

"तुम्ही कशाला असाल?"

"गुरुवारी मी या खिडकीत उभी राहून तुमच्याकडे दहा मिनिटं रागाने बघत होते. काच लावून, डासांमुळे. मागे दिवा होता, गॅसवर कुकर होता. इथे तर खिडकी आंधळी आहे."

"हा, काच ना? थर्मलला काचेतून आरपार दिसतच नाही. ते उजेड बघत नाही, उष्णता बघतं. काच त्याला भिंतीसारखीच. नाइट व्हिजनचं वेगळं, ती कॅमेऱ्यासारखी. म्हणून तर मी सगळ्यांना सांगत होतो, आधी काय बघायचंय ते ठरवा. झुडपात लपलेला बिबट्या हवा तर थर्मल, गेटवरचा चेहरा हवा तर नाइट व्हिजन. पण ऐकतंय कोण? सगळे नुसते ग्रुपवर भांडत होते."

शर्मिष्ठाबाई खुर्चीत मागे टेकल्या. पर्समधला तो सही केलेला कागद त्यांनी काढून पुन्हा वाचला. तीन आठवडे ज्याची वकिली केली, ते यंत्र सबनीसांना कळलंच नव्हतं. पाहिलं म्हणतात ते त्यांनी पाहिलेलं नाही. पण खोटं बोलायची गरज काय होती?

"पुढे लाव," त्या म्हणाल्या.

करड्या भिंतीवर तीन चौकोन पांढरे चकाकत होते. कोणाचा तरी आवाज आला, 'हे काय रे पांढरं?' केयूरचा आवाज, 'एसीचे बाहेरचे डबे, गरम असतात ना.' आणि लगेच सबनीसांचा, घाईचा, चिरका, 'बास झालं, इकडे दे ते!' पडदा हलला आणि क्लिप संपली.

"तिन्ही एसी कोणाचे?"

केयूरने बोटाने मोजले. "हा वर पाचव्यावर, आमचा. चौथ्यावरचा आजगावकरांचा. आणि हा दुसऱ्या मजल्यावरचा..." त्याने क्लिप थोडी मागे घेऊन पुन्हा पाहिली.

"बोल."

"काकू, हे तर दोनशे चार. टिपणीसांचं घर. ते दोन वर्षं कॅनडात आहेत. ते घर बंद आहे."

"किल्ली कोणाकडे असते?"

केयूरला उत्तर माहीत होतं. ते साऱ्या सोसायटीला माहीत होतं.

घड्याळात साडेतीन वाजले होते. बाई उठल्या. "गोरेगावला जा. दुकानातून दुसरं थर्मल घेऊन ये."

"दुसरं? काकू, मालक जीव घेईल माझा!"

"सहाच्या आत आलास तर पहिलं परत मिळेल. नाही आलास तर उद्या ती मुलगी फुटपाथवरून पेपरला जाईल. निघ."

६

सहाला पाच कमी असताना आवारात चाळीस माणसं जमली होती. गावसची ट्रंक, दोन पिशव्या आणि एक गादी गेटजवळ रचली होती. सई गादीवर बसून पुस्तकात बघत होती, पण पान उलटत नव्हती. केयूर धापा टाकत गेटमधून आत शिरला तेव्हा सबनीस घड्याळ बघत होते.

"सबनीस," शर्मिष्ठाबाई म्हणाल्या, "हा तुमचा जबाब. सगळ्यांना वाचून दाखवते."

त्यांनी वाचून दाखवला. काचेआड बसलेला गावस, पांढराशुभ्र, टक लावून बघणारा. सबनीसांनी मान डोलावली.

"आता आजगावकर, तुम्ही केबिनमध्ये जाऊन बसा. खिडकी लावून घ्या."

"मी कशाला?"

"कारण तुम्ही चाळीस माणसांत सर्वात मोठे दिसता. जा."

उजेड होता, पण थर्मलला त्याचं काही नव्हतं. केयूरने दुर्बीण चालू केली आणि बाईंनी ती एकेकाच्या हातात दिली. प्रत्येकाने ऑफिसच्या दारातून केबिनकडे पाहिलं. साध्या डोळ्याला आजगावकर काचेआड घामाघूम दिसत होते. थर्मलमध्ये नुसती करडी पाटी.

"काच उघडा!"

आजगावकरांनी काच सरकवली, आणि ज्याच्या हातात दुर्बीण होती तो ओरडलाच, "आयला, दिसले!"

गर्दीत कुजबुज सुरू झाली. सबनीस म्हणाले, "काच थोडी उघडी असेल. संध्याकाळची वेळ, मला काय कळणार?"

"तुम्ही बंद म्हणालात. मी दोनदा विचारलं. सही आहे तुमची." बाईंनी कागद वर धरला. "तुम्ही गावसला पाहिलंच नाही. तो पंपाजवळ होता. थर्मल इथून कोणी नेलं, तर ज्याला ते विकायचं नव्हतं त्याने. म्हणून चार्जर राहिला, म्हणून दुसरी दुर्बीण राहिली. त्याला फक्त थर्मलची भीती होती. गुरुवारी रात्री गच्चीवरून ते एका घरावर फिरलं, आणि शुक्रवारी सकाळी तुमचं मत फिरलं. विकत घेतलं असतं तर गावस रोज रात्री ते इमारतीवरून फिरवणार होता. आणि गुरुवारची क्लिप त्यातच होती. म्हणून काल ते नाहीसं झालं. किल्ली गावसकडेही आहे, म्हणून दोष त्याच्यावर. केयूर, बी विंगचा दुसरा मजला दाखव सगळ्यांना."

केयूरने दुर्बीण वळवली. सबनीस धावून आले. "खबरदार! माझ्या घरात डोकावता? लाज नाही वाटत?"

"तुमचं घर तिसऱ्या मजल्यावर आहे," शर्मिष्ठाबाई म्हणाल्या. "मी दुसरा म्हणाले."

सबनीसांचा हात हवेतच राहिला.

टिपणीसांच्या घराची किल्ली त्यांच्याकडून काढून घ्यायला पुढे पंधरा मिनिटं लागली, आणि त्यात बरीच शिवीगाळ झाली. वर दार उघडल्यावर आतून थंड हवा आली. तिन्ही खोल्यांत छतापर्यंत औषधांची खोकी रचली होती, पडदे ओढलेले होते आणि एसी अठरा अंशांवर चालू होता. माल सबनीसांच्या मेहुण्याचा, परवान्याशिवायचा. वीज सोसायटीच्या जिन्याच्या मीटरवरून ओढलेली. वर्षभर सामायिक वीजबिल का वाढतंय म्हणून सबनीसांनीच गावसच्या केबिनमधली इस्त्री काढून नेली होती. खोक्यांच्या मागे टॉवेलात गुंडाळलेलं थर्मल सापडलं. फोडून टाकायचं त्यांच्या जिवावर आलं होतं.

पोलिसांना फोन आजगावकरांनी केला. त्यांचा आवाज इतका खुशीत होता की शर्मिष्ठाबाईंना त्यांचाही राग आला.

खाली आल्यावर आजगावकर गावसच्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "चल रे, झालं गेलं. सामान आत ठेव. तुझ्यावर आमचा विश्वास होताच."

गावसने खांदा काढून घेतला. "सकाळी माका चोर म्हटलं, ते इथे म्हटलं. आवारात. सगळ्यांच्या खिडक्या उघड्या होत्या. आता माझ्या कानात सांगताय?"

"अरे, माफी मागायची का आता तुझी?" आजगावकर चिडले. "सबनीसाने म्हटलं, आम्ही नाही."

चाळीस माणसं हळूहळू जिन्यांकडे सरकू लागली. कोणाला भाजी आणायची होती, कोणाचा कुकर लावायचा राहिला होता.

शर्मिष्ठाबाई आवाराच्या मधोमध उभ्या राहिल्या. आयुष्यात त्यांनी शेकडो दावे खोटे ठरवले होते. आपलं खोटं उघड करायची ही पहिलीच वेळ होती. सकाळी सबनीस ओरडले होते, तेवढ्याच मोठ्या आवाजात त्या म्हणाल्या, "ऐका सगळ्यांनी! चंद्रप्रकाश गावस चोर नाही! सकाळी त्यांना चोर म्हटलं तेव्हा मी वर खिडकीत होते. मला तेव्हाच कळत होतं की ह्यात पाणी मुरतंय. मी खिडकी लावून घेतली. गावस, मला लाज वाटतेय. मी चुकले."

जिन्यात पावलं थांबली. वर दोन-चार खिडक्या उघडल्या. आजगावकर बुटांकडे बघत होते.

गावसने ट्रंक उचलली, केबिनमध्ये नेऊन ठेवली आणि सईला आत जाऊन अभ्यासाला बस म्हणाला. मग तो गेटपाशी परत आला.

"सतरा तारखेला तिचा शेवटचा पेपर," तो म्हणाला. "तोपर्यंत रात्रपाळी करीन. अठराला मी जातंय. थांबा म्हणू नका, बाई."

शर्मिष्ठाबाई म्हणाल्या नाहीत.